घर बदलताना फिश टँक कसा हलवायचा? मासे नंतर, आधी विरजण सांभाळा

मुंबईत सध्या जिकडे बघावं तिकडे कोणी ना कोणी घर बदलतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० फुटांच्या खोलीतून थेट ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये, ती बातमी आपण सगळ्यांनीच बघितली. उपनगरांत तर जुनी सोसायटी पाडायला निघाली की बिल्डरकडून भाडं घेऊन दोन-तीन वर्षं जवळपास कुठेतरी राहायला जायचं आणि मग परत यायचं, म्हणजे एका घराच्या दोन दोन शिफ्टिंग. कपाट, फ्रिज, देव्हारा, पोरांची सायकल सगळं छोट्या हत्तीत चढतं, आणि शेवटी सगळे हॉलच्या कोपऱ्यात उभे राहून त्या दोन फुटी टँककडे बघत बसतात की आता ह्याचं काय करायचं.

आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या सहा महिन्यांत तीन घरांनी मला हा प्रश्न विचारला. मला विचारतात कारण माझ्याकडे पंधरा वर्षांपासून टँक आहे, पण खरं कारण मला माहितीये, पहिल्या वेळी मी जी चूक केली ती मला आजपण विसरता येत नाही. लालबागहून भांडुपला आलो तेव्हा दोन एंजल, सहा टेट्रा आणि तीन मॉली होत्या. प्रवासात एकही दगावला नाही, सगळे नव्या घरात आले, पोहायला लागले, आम्ही खूश. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर सगळे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, एंजलच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. त्या आठवड्यात अकरातले नऊ गेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ह्या लेखात पिशवी कशी बांधायची ते नंतर सांगतो, आधी ते नऊ मासे का गेले ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं निम्मं आपोआप कळतं. (हे सगळं गोड्या पाण्याच्या टँकबद्दल आहे, समुद्री पाण्याचा टँक असेल तर तो हलवायला अनुभवी माणूसच बोलवा.)

टँकमध्ये माशांशिवाय अजून कोण राहतं?

मासा खातो, श्वास घेतो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. आपल्याला वाटतं घाण म्हणजे ती तळाला पडलेली काळी विष्ठा, पण अमोनियाचा मोठा भाग तर थेट कल्ल्यांतून पाण्यात मिसळतो, डोळ्याला दिसत नाही. आणि हा अमोनिया माशांसाठी विष आहे, अगदी थोडा साठला तरी कल्ले भाजल्यासारखे होतात आणि मग पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो घेता येत नाही. माझ्या एंजलच्या लाल कल्ल्यांचं कारण हेच.

मग रोज अमोनिया तयार होतोय तर टँकमधले मासे वर्षानुवर्षं जगतात कसे? कारण तिथे काही बॅक्टेरिया राहतात ज्यांचं अन्नच अमोनिया आहे. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्राइटपण विषारीच असतं, मग दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि दर आठवड्याला आपण थोडं पाणी बदलतो त्याच्यासोबत निघून जातं. ह्याला नायट्रोजन सायकल म्हणतात आणि टँकवाले लोक बोलताना नुसतं 'सायकल' म्हणतात, "टँक सायकल झाला का?" असं. नव्या टँकमध्ये ही सायकल बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे बॅक्टेरिया फार हळू वाढतात. आपल्या पोटातले साधे जंतू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, ह्यांना दुप्पट व्हायला बऱ्याचदा अख्खा दिवस जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हे बॅक्टेरिया राहतात कुठे? पाण्यात नाही. म्हणजे पाण्यात अगदीच नगण्य असतात. ते कशाला तरी चिकटून राहतात, सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये, कारण तिथून सतत ऑक्सिजनवालं पाणी वाहत असतं, मग खडीवर, काचेवर, लाकडावर. फिल्टर उघडला की स्पंजवर जो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो ना, ज्याला पहिल्या पावसात ओल्या झालेल्या मातीसारखा वास येतो, त्यात ही सगळी मंडळी असतात. थर बघून आपल्याला वाटतं घाण आहे, धुवून टाकू.

घरात दही लावतो त्याचा विचार करा. दूध कितीही चांगलं असू दे, भांडं कितीही घासलेलं असू दे, विरजण नसेल तर दही लागत नाही. स्पंज हे तुमच्या टँकचं विरजण आहे. काच नवी घेता येते, पाणी नळाला येतं, खडी दुकानात मिळते, पण हे विरजण तयार व्हायला महिना दीड महिना जातो आणि तेवढा वेळ माशांकडे नसतो. टँक शिफ्ट करायचा म्हणजे हे विरजण एका घरातून दुसऱ्या घरात जिवंत न्यायचं, एवढंच खरं काम आहे.

आणि मी काय केलं होतं? एका दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, नवीन घरात जाताय तर सगळं स्वच्छ करून घ्या. मी बाथरूममध्ये बसून स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढरा केला, खडी पाच पाण्यांतून काढली, काच मिठाने घासली. भांडं लखलखीत, विरजण मोरीत.

मग टँकचं जुनं पाणी सगळं न्यायचं की नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि बरेच जण फिल्टर धुतात पण पाणी मात्र ड्रम भरभरून नेतात, म्हणजे बरोबर उलटं. पाण्यात बॅक्टेरिया नसतात तर मग पाणी कशाला न्यायचं? त्याचं कारण वेगळं आहे. मासा त्या पाण्याला सरावलेला असतो, त्यातले क्षार, त्याचं आम्लपण, सगळ्याला. एकदम शंभर टक्के नवं पाणी दिलं तर त्याला झटका बसतो. अर्धं पाणी जुनं असलं तर फरक निम्म्यावर येतो. म्हणून जमलं तर अर्धं न्या, दोन फुटी टँक असेल तर दीड-दोन बादल्या होतात, झाकणवाल्या बादल्यांत आरामात जातं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, हमाल कटकट करतायत, अशी परिस्थिती असेल तर पाणी कमी न्या पण स्पंज आणि खडी ओली न्या.

एक अपवाद सांगतो. कोणाच्या टँकमध्ये महिनोन् महिने पाणी बदललेलंच नसतं, फक्त उडालेलं पाणी वरून भरलेलं असतं. अशा पाण्यात नायट्रेट खूप साठलेलं असतं आणि आम्लपण वाढलेलं असतं, मासे हळूहळू सवयीने जगत असतात. अशा माशांना शिफ्टिंगच्या दिवशी अचानक अर्धं ताजं पाणी मिळालं की तेच सोसत नाही. तुमचा टँक असा असेल तर शिफ्टिंगच्या तीन-चार आठवडे आधीपासून दर चार दिवसांनी थोडं थोडं, दहा-पंधरा टक्के पाणी बदलत या, म्हणजे त्या दिवशी फरक कमी राहतो.

स्पंज कसा न्यायचा?

फिल्टर बंद केला की घड्याळ सुरू होतं. त्या बॅक्टेरियांना जगायला ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. सुकले तर मेले, आणि पाण्यात बुडवून झाकण घट्ट लावून ठेवले तर तेवढ्या पाण्यातला ऑक्सिजन तासाभरात, दोन तासांत संपवतात आणि मग मरायला लागतात. म्हणून स्पंज, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंग्ज, जे काही असेल ते टँकच्याच पाण्याने ओलं करून एका डब्यात ठेवायचं, बुडवायचं नाही, नुसतं ओलं, आणि डब्याचं झाकण सैल ठेवायचं. धान्य मोड आणायला आपण ओल्या फडक्यात बांधून ठेवतो, पाण्यात बुडवून नाही ठेवत, तसंच. असे पाच-सहा तास सहज निघतात. उन्हात मात्र ठेवू नका.

ज्यांच्याकडे कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे टँकच्या खाली ठेवायचा तो बंद डबा, त्यांनी हे नीट वाचा. तो भरलेला डबा तसाच उचलून टेम्पोत टाकला आणि संध्याकाळी नव्या घरात प्लग लावला की आतलं सडकं, ऑक्सिजन नसलेलं पाणी पहिल्या मिनिटात टँकमध्ये येतं. आतलं पाणी ओतून टाकून, माल ओला ठेवून मगच न्या.

स्पंज फार चिकटलाय, पाणीच जात नाहीये असं असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत एकदा-दोनदा दाबून घ्या. नळाखाली कधीच नाही. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते ते जंतू मारण्यासाठीच घालते, आणि क्लोरीनला कुठला जंतू आपला आणि कुठला परका हे कळत नाही. उकळत्या दुधात विरजण घातल्यासारखं होतं.

टँक पाण्यासकट उचलला तर? चार माणसं आहेत की

नको. चार काय आठ असली तरी नको.

हिशेब बघा. दोन फूट बाय एक बाय एक चा टँक, म्हणजे घरोघरी असतो तो सगळ्यात कॉमन, त्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. ऑफिसमध्ये तो २० लिटरचा जार उलटा करून लावतात ना, तसे जवळजवळ तीन जार. वर काच आणि खडी धरली की पाऊणशे किलोच्या आसपास जातो. आणि तीन फुटी, दीड फूट उंचीचा असेल तर नुसतं पाणीच सव्वाशे लिटरच्या पुढे.

पण वजन हा खरा मुद्दा नाहीच, वजन हमाल उचलतील. टँक हा काचेच्या पाच तुकड्यांना सिलिकॉनने चिकटवून बनवलेला असतो आणि तो सपाट जागेवर स्थिर बसून पाण्याचा दाब झेलण्यासाठी बनवलेला असतो. उचलताना एक कोपरा जरा वर, एक जरा खाली झाला की आतलं पाणी एका बाजूला धावतं, काच किंचित पिळली जाते आणि सिलिकॉनचा जोड सुटायला लागतो. बऱ्याचदा तिथल्या तिथे फुटतही नाही, नव्या घरात दोन आठवड्यांनी कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागतो आणि मग खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. तळाला चार बोटं पाणी ठेवून नेलं तरी हाच धोका, कारण तेवढं पाणीपण हिंदकळतंच.

म्हणून टँक पूर्ण रिकामा. दगड, लाकूड, खडी सगळं बाहेर. उचलताना वरच्या कडेला धरून कधीच नाही, खालून हात घालून. खाली तेवढ्याच मापाचा प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर थर्माकोल घेतला तर उत्तम, टेम्पोतही तो त्यावरच राहू दे आणि आतमध्ये उश्या, चादरी भरा पण जड सामान कोणी "जागा आहे" म्हणून त्यात ठेवणार नाही ह्यावर लक्ष ठेवा.

हीटर असेल तर पाणी काढायच्या वीस मिनिटं आधी बंद करा, गरम हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते.

खडी काढताना एक वास येऊ शकतो, सडक्या अंड्यासारखा. खडीचा किंवा वाळूचा थर जाड असेल तर खाली हवा पोचत नाही आणि तिथे हा विषारी गॅस साठतो. म्हणूनच मासे टँकमध्ये असताना खडी उकरायची नाही, आधी मासे बाहेर मग खडी. अशी खडी टँकच्या काढलेल्या पाण्यातच हलकी खंगाळून घ्या आणि ओली न्या.

मासे पिशवीत की बादलीत?

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कुर्ल्याच्या बाजारातून नाहीतर क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणलेत, लोकलमध्ये पिशवी छातीशी धरून उभं राहिलोय, त्यामुळे पिशवीची पद्धत ओळखीची आहे. पण दुकानदार पिशवीत पाणी एवढं कमी आणि हवा एवढी जास्त का ठेवतो ते बघा. आपल्याकडच्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम पावणेआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे तीसपटीहून जास्त! घरी पिशवी भरताना आपण प्रेमाने गळ्यापर्यंत पाणी भरतो आणि त्यातच माशाचा श्वास कोंडतो. एक भाग पाणी, दोन भाग हवा, पिशवी आडवी ठेवायची म्हणजे हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि एकात एक दोन पिशव्या. पिशवी तोंडाने फुंकून फुगवू नका, आपण सोडतो त्या श्वासात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो.

मुंबईतल्या मुंबईत जायचं असेल, दोन-तीन तासांचा मामला, तर मला स्वतःला झाकणवाली बादली जास्त आवडते. वीस लिटरची, कधीही साबण न लागलेली, अर्धी भरून, आणि त्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप. दुसऱ्या शिफ्टिंगला, भांडुपहून ठाण्याला येताना, आई टॅक्सीत मागच्या सीटवर बसली होती आणि बादली तिच्या दोन पायांच्या मध्ये, वर टॉवेल. पंपाचा गुरगुर आवाज अख्खा रस्ता चालू होता. मुलुंडच्या खड्ड्यांवर ती दोन्ही हातांनी बादली धरायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, "दादा, हळू घ्या, आत जीव आहेत." त्यानेही हळूच घेतली. त्या वेळी एकही मासा गेला नाही, प्रवासातही नाही आणि नंतरच्या महिन्यातही नाही.

टॉवेल उगाच नव्हता. अंधार असला की मासे शांत राहतात, शांत राहिले की ऑक्सिजन कमी लागतो.

कोणाला कोणासोबत ठेवायचं ह्यात मात्र डोकं लावावं लागतं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असे भांडखोर एकेकटेच, टँकमध्ये एकमेकांना सहन करणारे पण बादलीत एकमेकांना फाडतात. सकर (तोंडाने काचेला चिकटून बसतो तो मासा) आणि काटेवाले कॅटफिश पिशवीला भोक पाडतात, त्यांना डबा किंवा बादलीच. फायटर आणि गुरामी हे वर येऊन हवा घेणारे मासे आहेत, त्यांच्या पिशवीत हवेची जागा हवीच आणि त्यांच्यासाठी दुकानातून शुद्ध ऑक्सिजन भरून आणू नका, साधी हवाच बरी. गोल्डफिश घाण फार करतात, त्यांना पाणी जास्त द्या.

आणि उपाशी ठेवा. हे ऐकून घरातल्या बायामाणसांचा जीव खालीवर होतो, माझ्या आईचा झालाच होता, पण मोठा तब्येतीने चांगला मासा दोन-चार दिवस आरामात उपाशी राहतो. निघायच्या आधी एक-दीड दिवस खायला दिलं नाही तर बादलीतल्या थोड्याशा पाण्यात घाण कमी होते. अगदी छोटी पिल्लं असतील तर त्यांना हा नियम लावू नका.

दिवस कसा आखायचा?

टँक सगळ्यात शेवटी आवरायचा आणि नव्या घरात सगळ्यात आधी लावायचा, ह्या एका वाक्यात सगळं आलं. हमाल येऊन फर्निचर काढेपर्यंत फिल्टर चालू राहू दे. मग आधी स्वच्छ पाणी बादल्यांत काढून घ्या, खालचा गाळ हलायच्या आधी. दगड-लाकूड काढा, पाणी चार-पाच इंचांवर आलं की मग जाळी घाला, कमी पाण्यात मासे लगेच हाती लागतात, नाहीतर भरल्या टँकमध्ये अर्धा तास पाठलाग होतो आणि प्रवासाला निघायच्या आधीच ते अर्धमेले होतात. मग फिल्टर बंद, स्पंज डब्यात, खडी, आणि रिकामा टँक.

मे महिन्यात शिफ्टिंग असेल तर पहाटेची वेळ धरा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पिशवी पंधरा मिनिटं जरी राहिली तरी संपलं. पिशव्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये ठेवा आणि ते बॉक्स टेम्पोत मागे नाही, आपल्या सोबत. आजकाल टॉवरवाल्या सोसायट्या शिफ्टिंगला लिफ्ट ठरावीक वेळातच देतात, ती वेळ आधी सिक्युरिटीला विचारून ठेवा नाहीतर मासे खाली लॉबीत आणि टँक वर असं होतं.

नव्या घरातलं पाणी तेच आहे का? मुंबईचंच तर आहे

इथे बरेच जण फसतात. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं, पावसाचं पाणी, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. आरओवाला घरी येतो तेव्हा पाण्यात एक पेन बुडवून आकडा दाखवतो, तो टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा. तलावाच्या पाण्याचा हा आकडा सहसा शंभरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. पण नवीन बिल्डिंगला टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर तोच आकडा कित्येक पट जाऊ शकतो, आणि नव्या टॉवरमध्ये हे फार कॉमन आहे.

माशाला ह्याचा त्रास का होतो? रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी टम्म फुगतात, बरोबर? आत गोड दाट, बाहेर साधं पाणी, म्हणून पाणी आत शिरतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातपण असंच पाणी सतत शिरत असतं आणि तो ते सतत बाहेर टाकत असतो. किती जोर लावायचा ते बाहेरच्या क्षारांवर ठरतं, आणि तो हिशेब बदलायला शरीराला वेळ लागतो. अचानक बदल झाला की मूत्रपिंडावर आणि कल्ल्यांवर लोड येतो.

म्हणून शिफ्टिंगच्या आधी चावी घ्यायला किंवा पूजेला जाल तेव्हा नव्या घरातल्या नळाचं एक बाटली पाणी घेऊन या आणि ते टीडीएसचं पेन दोन्ही पाण्यांत बुडवून बघा, पेन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. आकडे जवळ जवळ असतील तर निश्चिंत राहा. खूप लांब असतील तर माशांना नव्या पाण्यात हळूहळू न्यायचं, बादलीतच तास-दीड तास दर दहा मिनिटांनी एक कप नवं पाणी घालत.

क्लोरीन काढायला अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, जुने लोक हायपोचे खडे वापरतात, दोन्हींत काम तेच होतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, आणि आधी पाण्यात घालून मग स्पंज आणि मासे, उलटं नाही. पावसाळ्यात कधीकधी नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास चांगलाच जाणवतो, तेव्हा तर विसरूच नका.

टँक लावला, फिल्टर सुरू झाला, पाणी स्वच्छ झालं की पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या म्हणजे तापमान सारखं होतं, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत, आणि शेवटी जाळीने मासा टँकमध्ये. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, त्यात सगळ्या प्रवासाचा अमोनिया आहे.

दुकानात बॅक्टेरियाची बाटली मिळते की, मग एवढा खटाटोप कशाला?

मिळते, आणि मी स्वतः वापरतो पण मदत म्हणून. बाटली किती दिवस दुकानात होती, उन्हात होती का, आतले बॅक्टेरिया जिवंत आहेत का, हे बाहेरून कळत नाही. तुमच्या स्पंजवरचे बॅक्टेरिया जिवंत आहेत हे मात्र पक्कं माहितीये, कारण काल संध्याकाळपर्यंत ते तुमचे मासे जगवत होते. स्पंज खराब झालाच असेल तर बाटलीच्या आधी एखाद्या मित्राच्या जुन्या टँकमधला ओला स्पंज मागून आणा, शेजारणीकडून विरजण आणतो तसा. फक्त त्याच्या टँकमध्ये रोग नाही ना एवढं विचारून.

आणि तो निळा औषधाचा थेंब, "काळजी नको म्हणून" टाकतात तो, आजारी मासा नसताना टँकमध्ये टाकू नका. त्याने फिल्टरमधले बॅक्टेरियापण मरू शकतात, म्हणजे एवढं सगळं सांभाळून आणलेलं शेवटच्या मिनिटाला घालवलं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी लाईट बंद, खाणं बंद. मासे रंग उडालेले दिसतील, कोपऱ्यात दडून बसतील, हे नॉर्मल आहे. दुसऱ्या दिवसापासून एरवीच्या पाव हिस्सा खाणं, आठवडाभर कमीच. कितीही सांभाळलं तरी थोडे बॅक्टेरिया मेलेले असतातच, उरलेल्यांना परत वाढायला वेळ द्यायचा तर अमोनियाच कमी तयार झाला पाहिजे. आणि घर मोठं झालं म्हणून ह्याच आठवड्यात कुर्ल्याहून नवीन मासे आणू नका, हा मोह होतो.

अमोनियाचं टेस्ट किट एकदा घेऊन ठेवा. नळीत पाणी, किटवर लिहिलेत तेवढे थेंब, पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवट व्हायला लागला तर त्याच दिवशी पाव भाग पाणी बदलायचं, क्लोरीन काढून. माझ्या पहिल्या शिफ्टिंगला मी टेस्ट केली असती तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, पाणी दिसायला स्वच्छ होतं म्हणून मी निवांत होतो. मासे वर येऊन धापा टाकायला लागले की आधी अर्धं पाणी बदला आणि एअर पंप लावा, कारण नंतर शोधा.

न्यायचाच नसेल तर?

भाड्याचं घर लहान असतं, घरमालक नाही म्हणतो, होतं असं. तेव्हा मासे एखाद्या ओळखीच्याला द्या, शाळेला विचारा, बरेच दुकानदारपण परत घेतात, पैसे नाही देणार पण घेतील. तलावात मात्र सोडू नका. पवईला, ठाण्याच्या तलावपाळीला लोक हळव्या मनाने पिशवी घेऊन जातात, "मोकळं आयुष्य जगू दे" म्हणून, पण दुकानात वाढलेले बहुतेक मासे तिथे जगत नाहीत, आणि जे जगतात ते तिथल्यांना जगू देत नाहीत. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, लोकांनी घरातून सोडून सोडून आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला, आपल्या उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. माझा एक सकर फूटभर झाला होता, दुसऱ्या शिफ्टिंगच्या वेळी तो नव्या टँकमध्ये मावेना, तेव्हा सहा फुटी टँकवाला एक मित्र शोधायला मला तीन आठवडे लागले. आजही त्याच्याकडे गेलो की तो काचेला तोंड चिकटवून बसलेला असतो, आणि मित्राने त्या वेळी माझ्याकडून नेलेला स्पंज अजून त्याच्या फिल्टरमध्ये आहे.